चालदान

श्रीपतराव मगदुमांनी अर्ध्या कोल्हापूरला ब्रेक मारायला शिकवलं होतं. उरलेलं अर्धं कोल्हापूर आपलं आपणच शिकलं आणि त्याचे परिणाम आंबराई कॉलनीच्या रस्त्यावर रोज बघायला मिळतात, असं ते म्हणायचे. मगदूम मोटार ड्रायव्हिंग स्कूलची पिवळी पाटी त्यांनी पासष्टीला उतरवली, पण शिकवायची खोड काही उतरली नाही. रिक्षात बसले तरी त्यांचा पाय समोर नसलेला ब्रेक दाबत राहायचा. त्यांची बायको शालन म्हणायची, की हा माणूस झोपेतसुद्धा "क्लच, क्लच" असं पुटपुटतो. क्लच नावाची वस्तू गाड्यांमधून नाहीशी होऊनही तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

आंबराईचा रस्ता म्हणजे बायपास आणि गावातला मोठा सिग्नल यांच्यामधली आडवाट. गाड्यांच्या काचेवर उमटणारा नकाशा प्रत्येक अनोळखी ड्रायव्हरला या रस्त्यानं जायचा सल्ला देई आणि मग लोक अंगात आल्यासारखे सुटत. गाड्या विजेच्या, त्यामुळं आवाज नाही. पूर्वी गाडी येताना ऐकू तरी यायची. आता ती थेट दिसायची, आणि दिसेपर्यंत कधीकधी उशीर झालेला असायचा. सरकारनं प्रत्येक नव्या गाडीत वेगाला लगाम बसवून दिला होता खरा, पण कुठलाही गॅरेजवाला तो चहा संपेपर्यंत काढून द्यायचा.

कॉलनीनं सगळं करून बघितलं. गतिरोधक घातले, तर म्हाताऱ्यांचे मणके आणि रुग्णवाहिकेतले पेशंट हलायला लागले, ते उखडले. 'हळू चालवा, इथं आमची मुलं खेळतात' असा फलक लावला, तर त्याखाली कुणीतरी खडूनं लिहून गेलं, 'मग ग्राउंडवर पाठवा'. हवालदार उभा केला, तर तो उभा असेपर्यंतच गाड्या सभ्य झाल्या. सगळा पालथ्या घड्यावर पाणी असा प्रकार. शेवटी पाटलांच्या नातीला एका गाडीनं उडवलं आणि एवढ्याशा पोरीच्या पायात सळई बसली, तेव्हा दत्तमंदिराच्या मंडपात सभा भरली. श्रीपतराव कॉलनीचे अध्यक्ष होतेच. त्या सभेत आसिफ मुजावर उठून उभा राहिला.

आसिफ श्रीपतरावांचाच विद्यार्थी. लायसन्सच्या परीक्षेत नापास होऊन होऊन शेवटी पास झालेला, आणि आता वाहतुकीच्या यंत्रणा बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत इंजिनिअर. कॉलनीतच राहायचा. त्यानं जे सांगितलं ते थोडक्यात असं होतं.

माणूस पाटी वाचतो तेव्हा ती आधी डोळ्यात जाते, मग डोक्यात, आणि मग डोकं ठरवतं की ऐकायचं का नाही. चालणाऱ्या माणसाचं तसं नसतं. कानाच्या वरच्या बाजूला, मेंदूच्या एका घडीत, माणसाची चाल ओळखायचं काम वेगळंच चालू असतं. काळोखात एखाद्याच्या सांध्यांवर नुसते दहाबारा दिवे लावले आणि त्याला चालायला सांगितलं, तर ते हलणारे ठिपके बघून कुणीही क्षणात सांगतं की हा माणूस आहे, बाई आहे की बुवा, आणि ओळखीतला असेल तर कोण. हे ओळखणं विचाराच्या आधी होतं. म्हणूनच रस्त्यात माणूस आलं की पाय ब्रेकवर आधी जातो आणि घाबरणं मागाहून येतं.

आसिफचं यंत्र या पायाशीच बोलायचं. रस्त्याकडेचे खांब येणाऱ्या गाडीचा वेग मोजणार; तो तिसाच्या वर गेला आणि मागं दुसरी गाडी नसली, की त्या गाडीच्या काचेवर, थांबता येईल इतक्या अंतरावर, त्या अंतराला साजेशा उंचीचं, रस्ता ओलांडणारं एक माणूस उमटणार. ते फक्त चालवणाऱ्याला दिसणार. शेजारी बसलेल्याला नाही, फुटपाथवरच्याला तर नाहीच. ब्रेक लागून वेग खाली आला की माणूस गायब. बनावट माणसं करून बघितली होती, पण मेंदू फार बिलंदर. यंत्रानं बनवलेली चाल त्याला आठवड्याभरात कळते आणि मग पाय हलत नाही. खऱ्या माणसाच्या चालीत मात्र काहीतरी वेडंवाकडं असतंच, आणि त्याला मेंदू कायम फसतो.

"म्हणजे आम्ही काय द्यायचं?" श्रीपतरावांनी विचारलं.

"चाल द्यायची, सर. प्रत्येकानं एकदा रस्ता ओलांडून दाखवायचा. खांबावरचे कॅमेरे घेतील."

मंडपातून कुणीतरी म्हणालं, श्रमदान झालं, रक्तदान झालं, आता चालदान. नाव तेच पडलं.

चालदानाचा रविवार एखाद्या लग्नासारखा झाला. रस्ता दोन्हीकडून बंद केला होता, दत्तमंदिरात पोह्यांची कढई चढली होती. कुणी गुडघा धरत, कुणी पिशवी सांभाळत, कुणी उगाच छाती काढून रस्ता ओलांडून गेलं. श्रीपतराव दोन्ही बाजूंना मान वळवत, नियमाबरहुकूम गेले. त्यांच्यामागून शालन निघाली. उजव्या हातानं निऱ्या किंचित उचललेल्या, डावा हात लांब हलतोय, आणि रस्त्याच्या बरोबर मध्यावर ती थांबली, मागं वळली आणि म्हणाली, "अहो, गॅस बंद केलाय न्हवं?"

सगळी कॉलनी हसली. श्रीपतरावांनी आसिफला परत घ्यायला सांगितलं; हे कसलं चालणं, रस्त्याच्या मध्ये कुणी थांबतं का. शालन काही ऐकेना. "मी अशीच चालते," ती म्हणाली. आसिफनंही ते तसंच ठेवलं. पाठोपाठ तिची मैत्रीण हौसाक्का चौगुले आपल्या डुलत्या चालीनं गेल्या. दोघी संध्याकाळी रोज बरोबर फिरायला जायच्या, म्हणून आसिफनं दोघींना एकत्रसुद्धा एकदा चालवून घेतलं.

यंत्र सुरू झालं आणि रस्ता खरोखर बदलला. ओसाड रस्त्यावर भरधाव गाड्या अचानक कचकन नमायला लागल्या, ते बघायला पोरं कट्ट्यावर बसायची. आत्ता कोण गेलं असेल, पाटलांची आजी का जोशांचा पांडू, अशा पैजा लागायच्या. आपली चाल कामाला लागली आहे, याचा लोकांना अभिमान वाटायचा. आपण घरात भाकरी थापत बसलोय आणि त्याच वेळी आपण रस्त्यावर कुणाचा तरी जीव वाचवतोय, हे हौसाक्कांना फार आवडायचं. समोरचं माणूस खरं की यंत्रातलं हे कुणालाच कळायला मार्ग नव्हता, हीच त्यातली मेख होती. कळत नाही म्हणून प्रत्येकाला थांबावंच लागायचं.

मार्गशीर्षात एका सकाळी शालन उठलीच नाही. श्रीपतराव शेजारच्या पलंगावर होते आणि त्यांना काहीही कळलं नव्हतं. मुलगी ऋतुजा नागपूरला नोकरीला. तिकडं धुकं पडलेलं, विमान उडेना. इकडं भावकीतल्या मोठ्यांचं म्हणणं पडलं की दिवस मावळायच्या आत उरकावं, आणि श्रीपतरावांनी मान हलवली. त्या वेळी त्यांनी कशालाही मान हलवली असती. ऋतुजा पोचली तेव्हा पंचगंगेच्या घाटावर राख उरली होती. ती रडली नाही, भांडली नाही. "मला आईचं तोंड बघू दिलं नाहीत तुम्ही," एवढंच म्हणाली आणि दिवसकार्य झाल्यावर परत गेली. त्यानंतर तिचे फोन यायचे, औषधं घेतली का, जेवलात का. दुसरं काही नाही.

आसिफ येऊन गेला. गेलेल्या माणसाची चाल ठेवायची की काढायची, हे घरच्यांनी ठरवायचं असा कॉलनीनं नियम केला होता. आजवर कुणीच काढली नव्हती. माणूस गेलं म्हणून त्याचं पुण्याचं काम कशाला थांबवा, असं सगळे म्हणत. श्रीपतरावही म्हणाले, राहू दे. त्यांनी त्याचा दुसऱ्यांदा विचारसुद्धा केला नाही, कारण ते स्वतः कधी तिसाच्या वर जातच नव्हते आणि त्यामुळं त्यांना रस्त्यावर कधीच कुणी दिसलं नव्हतं.

महिना गेला असेल. एका संध्याकाळी ते बायपासवरून घरी येत होते आणि हौसाक्कांचा फोन आला, तुमच्या स्वयंपाकघरातनं धूर येतोय. दूध गॅसवर ठेवून ते तसेच बाहेर पडले होते. गाडी जुनी, लगाम बसायच्या आधीची; श्रीपतराव मगदूम आयुष्यात पहिल्यांदा आपल्या रस्त्यावर सुसाट सुटले. आणि आपल्याच फाटकाच्या अलीकडं डाव्या बाजूनं शालन रस्त्यात उतरली. उजव्या हातात निऱ्या. डावा हात लांब हलतोय. मध्यावर ती थांबली, वळली आणि सरळ त्यांच्याकडं बघून तिचे ओठ हलले.

आवाज नव्हता. पण काय विचारतेय ते त्यांना माहीत होतं, आणि गॅस चालूच होता.

त्यांनी असा ब्रेक मारला की पट्टा छातीत रुतला. गाडी थांबली तेव्हा रस्ता मोकळा होता. कट्ट्यावरची पोरं हसली. श्रीपतराव स्टिअरिंगवर डोकं टेकून हमसाहमशी रडले. स्मशानात रडले नव्हते तेवढं रडले. पातेलं जळून काळं ठिक्कर पडलं होतं, ते हौसाक्कांनीच भिजत घातलं.

दुसऱ्या दिवशी दूध नव्हतं, धूर नव्हता, कसलीही घाई नव्हती. तरीही संध्याकाळी त्यांनी गाडी बायपासपर्यंत नेली आणि वळवली. मनाला त्याची लाज वाटत होती. पायाला वाटत नव्हती.

हळूहळू त्यांना त्या भेटीची रीत कळत गेली. ब्रेकला पाय लागला की ती विरायची. तिचा चेहरा बघायचा, म्हणजे ती वळेपर्यंत धीर धरायचा, आणि ती वळेपर्यंत धीर धरायचा म्हणजे ब्रेक मारायचा नाही. वेग जास्त असला तर ती लांबूनच निघायची आणि जरा जास्त वेळ दिसायची. म्हणून ते वेग वाढवायला शिकले. ती थांबायची, वळायची, विचारायची, आणि तोवर गाडी तिच्यापाशी पोचलेली असायची, आणि मग तिच्यातून पार व्हायची. पार झाल्यावर त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर पडायचा. गाडी कडेला घेऊन ते बराच वेळ नुसते बसून राहायचे. मनातल्या मनात तिला सांगायचे, बंद केलाय गं. आता आठवणीनं करतो.

सभेत ते पूर्वीसारखेच कडक बोलायचे. वेगाबद्दल कुणी हलगर्जीपणा केला की त्याला फैलावर घ्यायचे. रात्री अंथरुणावर पडलं की मात्र हे सगळं त्यांच्या अंगावर यायचं. कुंपणानंच शेत खाल्लं, असं ते स्वतःला सुनवायचे आणि उद्यापासून जायचं नाही असं ठरवायचे. संध्याकाळ झाली की घर इतकं गप्प व्हायचं की ते किल्ली घ्यायचे.

रंगपंचमीच्या आसपासची गोष्ट. त्या दिवशी ती एकटी नव्हती. शालन निघाली आणि तिच्या मागोमाग हौसाक्का डुलत येत होत्या. श्रीपतरावांना बरंच वाटलं. दोघींना एकत्र चालवून घेतलेलं त्यांना आठवलं. आज यंत्रानं ती चाल काढलेली दिसते, असं त्यांच्या मनात आलं. शालन वळली. ते तिच्या तोंडाकडं बघत राहिले, आणि गाडी तिच्यातून पार झाली, आणि डावीकडचा आरसा फाटदिशी कशावर तरी आपटला.

हौसाक्का खऱ्या होत्या.

नशीब एवढंच की त्या मैत्रिणीइतक्या भराभर चालायच्या नाहीत. आरसा कोपराला लागला, त्या कडेला आदळल्या आणि मनगट मोडलं. दवाखान्यात त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, घसरून पडले. मुलाला तेच सांगितलं. श्रीपतराव पलंगाशेजारी खाली मान घालून बसले होते. मुलगा औषधं आणायला गेला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "भावजी, तुमी बघत हुता. डोळं उघडं हुतं तुमचं. पर माझ्याकडं न्हाई."

श्रीपतरावांनी चादरीची सुरकुती सारखी केली.

"शालन दिसती व्हय तिथं?"

त्यांनी मान हलवली. हौसाक्कांनी चांगला हात तोंडावर धरला. मग रागावण्याऐवजी त्यांनी विचारलं, कसली साडी असती. ते म्हणाले, ती मोरपंखी. त्या म्हणाल्या, माझ्याबरोबर जाऊन घेतलेली. त्यानंतर मात्र त्यांनी डोळे पुसले आणि स्पष्ट सांगितलं, की माझ्या जागी पाटलाची नात असती तर मी तोंड बंद ठेवलं नसतं, आणि आता ऋतुजाला मी फोन करणार आहे.

आसिफ दुसऱ्या दिवशी घरी आला. रोज संध्याकाळी एकच गाडी वेगानं जाते, हे यंत्रात त्याला केव्हाच दिसलं होतं. नंबर त्यानं मुद्दाम बघितला नव्हता. तोही खाली मान घालूनच बोलत होता. यंत्र प्रत्येक गाडीबद्दल शिकत जातं, त्यानं सांगितलं. कुणाची चाल दिसली की हा ड्रायव्हर थांबतो, हे लक्षात ठेवतं आणि त्याला तीच दाखवतं. पहिल्या दिवशी श्रीपतरावांनी जीव खाऊन ब्रेक मारला होता, म्हणून त्यांच्या गाडीला शालनवहिनी नेमून दिल्या गेल्या. नंतर ते थांबेनासे झाले तेव्हा खरं तर यंत्रानं चाल बदलायला हवी होती.

"पण त्या पार झाल्या की तुमचा पाय जायचाच ब्रेकवर, सर. यंत्राला वाटलं, उशिरा का होईना, थांबतोय की माणूस."

मग तो म्हणाला की चूक श्रीपतरावांची नाही, यंत्राची आहे, आणि ती प्रयोगशाळेत कुणाच्याच लक्षात आली नव्हती. सगळं यंत्र उभं होतं ते एका शंकेवर, समोरचं माणूस खरं असेल का. ती शंका ज्याला नाही तो थांबणार नाही. आणि मेलेल्या माणसाबद्दल शंका नसणारा एकच असतो, ज्याच्या घरचं ते माणूस आहे तो. गेलेल्यांच्या चाली सगळ्याच काढाव्या लागणार होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बसून काढू, त्यानं विचारल्यासारखं सांगितलं. श्रीपतराव हो म्हणाले. आसिफ गेल्यावर त्यांना वाटलं, आपण मार्गशीर्षातसुद्धा असंच हो म्हणालो होतो.

ऋतुजा त्याच दुपारी आली. बॅग खाली ठेवायच्या आधी तिनं बापाला धारेवर धरलं. लोकांना शिकवण्यात जन्म गेला तुमचा, हौसामावशी मेली असती म्हणजे, तुम्हाला कळतंय का काही. आरडाओरडा झाला, चहा झाला, जेवणं झाली. भांडी घासताना तिनं पाठमोरीच विचारलं, "आई कशी दिसते?"

त्यांनी सांगितलं. निऱ्या, हात, मध्येच थांबणं. गॅसचं सांगितलं तेव्हा ती हसली आणि हसता हसता तिचा आवाज फाटला.

"मला एकदा दाखवा, बाबा."

"न्हाई."

"उद्या काढणार आहेत. मग कधीच नाही. तुम्ही इतके दिवस बघितलंत. मला एकदासुद्धा नाही? तेव्हाही तुम्हीच ठरवलंत, आताही तुम्हीच ठरवणार."

तरी ते न्हाईच म्हणाले. आयुष्यात एवढं जड 'न्हाई' त्यांनी कुणाला म्हटलं नव्हतं. हौसाक्कांच्या मनगटाची पट्टी त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. ऋतुजा हात पुसून आतल्या खोलीत गेली. ते कोचावर बसले आणि बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागली.

जाग आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. किल्ली जागेवर नव्हती. फाटक सताड उघडं होतं, आणि गाडी निघताना आवाज होतच नाही.

यंत्र गाडी ओळखतं, चालवणाऱ्याला नाही, हे त्यांना आसिफच्या बोलण्यावरून कळलं होतं. म्हणजे ऋतुजाला शालन दिसणार होती. ती आईकडं बघणार होती, ते बघायचे तसंच, आणि दुसरं काही तिला दिसणार नव्हतं. समोरच्या कट्ट्याखाली पोरांचा खेळ रंगात आला होता. श्रीपतराव अनवाणीच धावत फाटकाबाहेर आले. पोरांना ओरडून त्यांनी मागं रेटलं. बायपासच्या टोकाला त्यांची पांढरी गाडी वळलेली दिसली. ती वेग घेत होती. किती वेगानं येतेय हे त्यांना नुसत्या नजरेनं कळायचं. तोच तर धंदा होता.

ते रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

हात वर करून ते ओरडत होते, आणि ओरडता ओरडताच त्यांच्या ध्यानात आलं की आतून हे काहीच ऐकू जात नाही. आणखीही एक गोष्ट ध्यानात आली. त्या रविवारी त्यांनीही चाल दिली होती. काचेतून तिला एक म्हातारा रस्त्यात दिसत असणार, आणि तो बाप आहे की यंत्रातला आहे हे तिला कशावरून कळावं? ती तर यंत्रातलंच माणूस बघायला निघाली होती. बाजूला होता आलं असतं. त्यांच्या मागं पोरं होती. ते हलले नाहीत.

गाडी येत राहिली. मग तिचं नाक जमिनीकडं झुकलं, टायर किंचाळले, आणि गाडी त्यांच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर थांबली.

ऋतुजानं काच खाली केली. तिचा चेहरा ओला होता.

"आई निघाली होती," ती म्हणाली. "पदर दिसला नुसता. वळली नव्हती अजून. मग तुम्ही दिसलात."

श्रीपतरावांना दम लागला होता. त्यांनी बॉनेटला धरलं. "तुला कळलं, मी खरा हाय ते?"

"नाही. मला वाटलं, तुम्ही पण त्यातलेच."

"ब्रेक मारला की ती जाती, ठाऊक हुतं न्हवं तुला?"

"हो. हौसामावशीनं सांगितलं होतं."

"मग थांबलीस कशाला, पोरी?"

ऋतुजानं त्यांच्याकडं असं बघितलं, की हे काय विचारायचं झालं. "म्हणजे काय, बाबा? समोर तुम्ही होता. खरे असा नाहीतर नसा, तुमच्या अंगावरून मी गाडी कशी नेऊ?"

पोरं लांबून बघत होती. मागं एक टेंपो येऊन थांबला होता आणि त्याचा ड्रायव्हर, का कोण जाणे, हॉर्न वाजवत नव्हता. श्रीपतराव बॉनेटला धरून खिडकीपर्यंत आले. इतक्या महिन्यांत जे त्यांनी कुणालाच, अगदी स्वतःलाही सांगितलं नव्हतं, ते आता तोंडातून बाहेर पडलं.

"मी नेली," ते म्हणाले. "ती थांबायची, वळून माझ्याकडं बघायची, काहीतरी विचारायची. आणि मी तिच्या अंगावरनं गाडी नेली, ऋतू. रोज."